सरकीची ढेप आणि तान्ह्याचे दूध

अकोल्याहून मूर्तिजापूर, बडनेरा अशा वाटेने अमरावतीकडे जाताना आगगाडीच्या खिडकीतून तुम्ही पऱ्हाटीची शेते पाहिली असतील. श्रावण-भाद्रपदात एखादा गडी पाठीवर पंप अडकवून ओळीओळीने फवारत चाललेला दिसतो. त्याच गावात एखाद्या घरी तीन महिन्यांचे मूल आईच्या कुशीत दूध पीत असते. या दोन दृश्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे काय? वरवर पाहता काहीच नाही. मूल शेतात जात नाही, कापूस खात नाही. साधे पाणीसुद्धा अजून त्याच्या ओठांना लागलेले नाही. तरीही संबंध आहे, आणि तो नेमका कसा हे उमगायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षे लागली.

अधूनमधून वर्तमानपत्रात ‘आईच्या दुधात विष’ अशा मथळ्याची बातमी येते. बातमी खोटी नसते, पण ती अर्धी असते. अशी अर्धी बातमी ऐकून एखादी बाळंतीण घाबरते, मुलाला अंगावरून तोडते आणि बाटली हाती घेते. तिचे हे करणे बरोबर की चूक? लेख वाचून झाल्यावर याचे उत्तर तुम्हीच द्यायचे आहे. त्यासाठी थोडे रसायनशास्त्र, थोडा इतिहास आणि पाचवी-सहावीत शिकलेले त्रैराशिक एवढी सामग्री पुरेल.

तर्री वर का येते?

आधी स्वयंपाकघरात जाऊ. वऱ्हाडी पद्धतीच्या झणझणीत रश्श्यावर तेलाचा लालभडक तवंग येतो. त्याला आपण तर्री म्हणतो. तिखट तर साऱ्या रश्श्यात घातलेले असते. मग लाल रंग वरच्या तेलातच का जमतो? कारण मिरचीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. रस्सा उकळताना खळबळतो, तेलाचे थेंब सगळीकडे फिरतात आणि फिरता फिरता रंग टिपून घेतात. शेवटी तेल वर येते ते रंग घेऊनच. पळीभर तर्री काढून घेतली तर पातेलेभर रश्श्याचा बहुतेक रंग त्या पळीत आलेला असतो. सदऱ्यावर तर्रीचा डाग पडला तर तो नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतो, त्याचेही कारण हेच.

डी.डी.टी. हे असेच ‘तेलकट’ स्वभावाचे रसायन आहे. एक लिटर पाण्यात ते मिलिग्रॅमचे काही हजारांश एवढेच विरघळते. तेलात, तुपात, चरबीत मात्र सहज विरघळते. आपल्या शरीराची सांडपाण्याची व्यवस्था म्हणजे मूत्रपिंडे, आणि ती पाण्यावर चालते. नको असलेला पदार्थ पाण्यात विरघळणारा असला तर तो लघवीवाटे निघून जातो. नसला तर यकृत आपल्या विकरांच्या साहाय्याने त्याच्या रेणूची मोडतोड करून त्याला पाण्यात विरघळण्याजोगा करू पाहते. पण डी.डी.टी.च्या रेणूत क्लोरीनचे पाच अणू अशा रीतीने बसलेले असतात की यकृताची ही कारागिरी त्यावर फारशी चालत नाही. फार तर एक क्लोरीन निघतो आणि डी.डी.ई. नावाचा पदार्थ तयार होतो. तो तर डी.डी.टी.पेक्षाही चिवट! माणसाच्या शरीरातून तो अर्धा कमी व्हायला सात-आठ वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. तोवर तो राहतो कुठे? अर्थात शरीरातल्या चरबीत.

आता आईच्या दुधाकडे पाहा. या दुधात शेकडा साडेतीन-चार भाग स्निग्धांश असतो. मुलाचा मेंदू झपाट्याने वाढत असतो, त्याला स्निग्ध पदार्थांची फार गरज असते. म्हणून निसर्गाने ही योजना केली आहे. हा स्निग्धांश आईच्या रोजच्या जेवणातून येतो आणि बराचसा तिच्या अंगातल्या साठलेल्या चरबीतूनही येतो. गरोदरपणात जे साठते ते दूध पाजताना उपसले जाते. चरबी निघाली की तिच्यात मुरलेली रसायनेही तिच्याबरोबर निघतात. वर्षानुवर्षे आईच्या शरीरात जमलेली ‘तर्री’ अशा रीतीने दुधात उतरते. प्रौढ माणसाला या रसायनांचा साठा हलका करण्याचा दुसरा सोपा मार्ग नाही. स्त्रीला हा एक मार्ग आहे, पण तो मुलाच्या तोंडातून जातो. दूध पाजण्याचे महिने जसजसे वाढतात तसतसे तिच्या दुधातले प्रमाण घटत जाते. म्हणूनच पहिल्या मुलाच्या वाट्याला दुसऱ्या-तिसऱ्यापेक्षा अधिक येते. निसर्गाच्या हिशेबात थोरल्या भावंडाला मान असा मिळावा, ही मोठी विचित्र गोष्ट आहे.

वऱ्हाडात ही रसायने आली कशी?

डी.डी.टी. प्रथम तयार झाले १८७४ साली, पण त्याने कीटक मरतात हे कोणालाच ठाऊक नव्हते. स्वित्झर्लंडमधील पॉल म्युलर यांना ते १९३९ साली आढळले आणि त्याबद्दल १९४८ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज हे चमत्कारिक वाटेल, पण त्या काळचा विचार करा. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दरसाल सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे त्याने मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. घरांच्या भिंतींवर आतून डी.डी.टी. फवारायचे, दर चौरस मीटरला एक ग्रॅम, आणि त्यानंतर काही आठवडे भिंत सारवायची नाही की चुन्याने रंगवायची नाही. भिंतीवर बसलेला डास मरे. १९६१ साली साऱ्या देशात हिवतापाचे रुग्ण उरले सुमारे पन्नास हजार! मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यासारख्या जंगली, हिवतापाच्या मुलखात ही फवारणी म्हणजे केवढा दिलासा असेल याची कल्पना करा. डी.डी.टी.ला नुसते ‘विष’ म्हणून मोकळे होणाऱ्याने ही बाजू विसरू नये.

पुढे डासांमध्ये प्रतिकारशक्ती आली. डी.डी.टी.ने न मरणारे डास मागे राहिले, त्यांचीच प्रजा वाढली आणि १९७६ मध्ये रुग्णांची संख्या पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. त्याच सुमारास शेतीत या औषधांचा वापर वाढत होता. १९७० नंतर संकरित कापूस आला. तो पीक भरघोस देई, पण बोंडअळीलाही तेवढाच आवडे. अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ हा तर कापसाचाच मुलूख. डी.डी.टी., एन्डोसल्फान यांचे फवारे आणि बी.एच.सी.ची दहा टक्के भुकटी, म्हणजे धुरळणीची पावडर, ही नावे तुमच्या आजोबांना विचारून पाहा, लगेच ओळखतील. देशातल्या पिकाखालच्या जमिनीपैकी जेमतेम पाच टक्के जमीन कापसाची, परंतु शेतीत वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांपैकी जवळजवळ निम्मी एकट्या कापसावर खर्च होत, असा १९९० च्या दशकातला हिशेब सांगितला जातो.

बी.एच.सी.बद्दल दोन शब्द. त्याच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन व क्लोरीन यांचे प्रत्येकी सहा अणू असतात. अणू तेच, पण त्यांची मांडणी निरनिराळी असल्यामुळे त्याचे अनेक समघटक होतात. कीटक मारतो तो मुख्यतः ‘गॅमा’ समघटक, आणि तो कारखान्यातून निघालेल्या मालात शेकडा दहा-पंधरा भागच असे. बाकीचा माल जवळजवळ बिनकामाचा. त्यातला ‘बीटा’ समघटक तर बिनकामाचा आणि शिवाय सर्वांत चिवट. एक पोते भुकटी शेतात धुरळली म्हणजे तिच्यातले उपयोगी द्रव्य आपले काम करून निघून जाई आणि निरुपयोगी द्रव्य चरबीत मुक्काम करी. स्वस्त मालाची किंमत कधी कधी अशी नंतर द्यावी लागते.

ढेपेची वाट

शेतातले औषध आईपर्यंत पोचते कसे? हवेतून थोडे, पाण्यातून अगदी थोडे. मुख्य वाट अन्नाची. आणि कापसाच्या मुलखात या अन्नाच्या वाटेवर एक ठिकाण असे आहे की ते तुम्ही रोज पाहता, पण तिकडे तुमचे लक्ष जात नाही. ते म्हणजे गोठ्यातले ढेपेचे घमेले.

कापूस वेचला, जिनिंगमध्ये गेला. रुई वेगळी झाली, सरकी वेगळी झाली. सरकी ही तेलबी आहे. ती गाळली की तेल निघते आणि मागे राहते ती ढेप. ती गाळून कितीही पिळली तरी तिच्यात काही टक्के तेल उरतेच. दुभत्या जनावराला ढेप मानवते ती त्यामुळेच. आता तर्रीचा नियम लावा. पऱ्हाटीवर पडलेल्या मेदप्रिय औषधाचा जो अंश बीपर्यंत पोचला तो बीच्या तेलात बसणार. ढेपेबरोबर तो म्हशीच्या पोटात जाणार. धुऱ्यावरच्या गवतावर उडालेला फवारा आणि शेजारच्या वावरातल्या ज्वारीचा कडबा यांतूनही तिला थोडेथोडे मिळत राहणार. म्हैस पाच-पंचवीस दिवस नव्हे, वर्षानुवर्षे असे खाते. तिच्या दुधात शेकडा सहा-सात भाग स्निग्धांश. त्याचे लोणी, लोण्याचे तूप. आणि आपल्याकडे तूप सर्वांत आग्रहाने कोणाला वाढतात? गरोदर बाईला आणि बाळंतिणीला!

ही केवळ कल्पनेची साखळी नव्हे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात बारा राज्यांतून जमवलेल्या गाई-म्हशींच्या दुधाच्या २,२०५ नमुन्यांची तपासणी दिलेली आहे. शंभरांतल्या सुमारे ८२ नमुन्यांत डी.डी.टी. सापडले, आणि ३७ टक्क्यांमध्ये ते दर किलोग्रॅमला ०.०५ मिलिग्रॅम या ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होते. मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण सर्वांत अधिक कोणत्या राज्यात होते? आपल्या महाराष्ट्रात: शंभरांत ७४. त्याखालोखाल गुजरात, ७० टक्के. दोन्ही कापसाची राज्ये, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

अन्नसाखळीत प्रत्येक पायरीवर असे रसायन साठत जाते हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेच असेल. गवत, म्हैस, माणूस अशी साखळी आपण काढतो आणि माणसाला सर्वांत वर बसवतो. खरे पाहता माणसाच्याही वर आणखी एक पायरी आहे, आणि तिच्यावर तान्हे मूल बसलेले आहे.

कणाकणाचे मोजमाप

अमेरिकेत १९५१ साली लॉग व त्यांचे सहकारी यांनी वॉशिंग्टन शहरातल्या बत्तीस मातांचे दूध तपासले. यांपैकी कोणीही कीटकनाशकांच्या कारखान्यात काम करीत नव्हती. तरी बत्तीसपैकी तीस जणींच्या दुधात डी.डी.टी. निघाले. सरासरी प्रमाण होते दशलक्ष भागांत ०.१३ भाग. दशलक्षांश म्हणजे किती? ज्वारीचे दहा लाख दाणे साधारणपणे तीस किलो भरतात. तेव्हा तीस किलो ज्वारीत वेगळ्या रंगाचा एक दाणा, म्हणजे एक दशलक्षांश. ०.१ दशलक्षांश म्हणजे तीन क्विंटल ज्वारीत एक दाणा.

असा एक दाणा शोधणे सोपे नाही. इंग्लंडमधील जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ मध्ये एक छोटे उपकरण बनवले आणि हे काम एकदम आवाक्यात आले. वायुवर्णलेखन यंत्रातून दुधातले निरनिराळे पदार्थ एकामागून एक बाहेर पडतात. वाटेत त्यांना इलेक्ट्रॉनांचा एक बारीकसा प्रवाह पार करावा लागतो. क्लोरीन हा इलेक्ट्रॉनांचा मोठा लोभी. क्लोरीनयुक्त रेणू आला की तो इलेक्ट्रॉन गिळतो आणि विद्युत्प्रवाह तेवढा कमी होतो. ही घट मोजली की रसायन किती ते कळते. डी.डी.टी.ला चिवट बनवणारा क्लोरीनच अशा रीतीने त्याला पकडूनही देतो.

यानंतर जगभर तपासण्या झाल्या. आपल्याकडे लुधियानाच्या पंजाब कृषि विद्यापीठातील कालरा व चावला यांनी १९८१ मध्ये मातांच्या दुधातील डी.डी.टी. व बी.एच.सी.विषयी लिहिले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई, दिल्ली व कोलकाता येथील मातांचे दूध तपासले होते, आणि तेव्हाही ही दोन्ही रसायने त्यात होती. शहरातल्या बाईने शेत पाहिलेले नसेल, पण ती दूध-तूप तर खेड्यातलेच खाते.

सर्वांत नवलाची गोष्ट कॅनडात घडली. क्विबेक प्रांतातील एरिक डेवाय्यी यांना दक्षिणेकडच्या मातांच्या दुधाची तुलना करण्यासाठी ‘स्वच्छ’ दुधाचे नमुने हवे होते. म्हणून त्यांनी उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट स्त्रियांचे दूध मागवले. तिथे ना शेती, ना कारखाने. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की विजेच्या रोहित्रांत वापरल्या जाणाऱ्या पी.सी.बी. या रसायनाचे प्रमाण त्या ‘स्वच्छ’ दुधात दक्षिणेपेक्षा सुमारे पाचपट होते! उष्ण प्रदेशात वाफ होऊन उडालेली ही रसायने वाऱ्याबरोबर थंड प्रदेशाकडे जातात, तिथे खाली उतरतात, माशांच्या व सील, व्हेलच्या चरबीत साठतात; आणि तिथल्या माणसांचे मुख्य अन्न तेच.

आता त्रैराशिक

पाटी घ्या. समजा, एका आईच्या दुधात दर लिटरला ०.१ मिलिग्रॅम डी.डी.टी. आहे. (हा आकडा हिशेबासाठी मी धरला आहे, कोणा एका गावचा नव्हे.) मुलाचे वजन ५ किलो. तान्हे मूल दर किलो वजनामागे रोज साधारण १५० मिलिलिटर दूध पिते, म्हणजे एकूण ७५० मिलिलिटर. त्यातून मुलाच्या पोटात रोज ०.०७५ मिलिग्रॅम डी.डी.टी. जाईल. वजनाने भागा: दर किलोमागे ०.०१५ मिलिग्रॅम.

जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि शेती संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००० साली ठरवलेली मर्यादा आहे दर किलोमागे रोज ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे आपल्या मुलाला मर्यादेच्या दीडपट मिळाले. वर्तमानपत्राचा मथळा इथे तयार होतो. पण आपण थांबायचे नाही. ही मर्यादा आली कुठून? उंदरांना दर किलोमागे रोज १ मिलिग्रॅम देऊनही त्यांच्या पिलांच्या वाढीवर परिणाम दिसला नाही. त्या आकड्याला शंभराने भागून, सावधगिरी म्हणून, ०.०१ ही मर्यादा घेतली. म्हणजे आपल्या मुलाला मिळते ते उंदरांना न बाधलेल्या मात्रेच्याही सुमारे सहासष्टावा भाग. शिवाय ही मर्यादा जन्मभर रोज पोटात जाण्याची आहे. मूल वर्ष-दोन वर्षे पिते. उलट बाजूने असेही म्हणता येते की मूल म्हणजे छोटा प्रौढ माणूस नव्हे, त्याची घडण चालू असते, त्याला शंभराची सावधगिरी पुरेलच असे नाही. दोन्ही म्हणणी खरी आहेत. मर्यादा ओलांडली म्हणजे मूल आजारी पडले असे नाही, आणि ओलांडली तर काही बिघडत नाही असेही नाही. मर्यादा हा रेल्वे फाटकावरचा दिवा आहे. तो लाल झाला म्हणजे गाडी अंगावर आली असा अर्थ नव्हे, पण रुळावर रेंगाळू नये.

दुधातून खरोखर कधी घात झाला आहे काय? झाला आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. तुर्कस्तानच्या आग्नेय भागात १९५५ ते १९५९ या काळात पेरणीसाठी बुरशीनाशक लावून दिलेला गहू भुकेपोटी लोकांनी दळून खाल्ला. ते औषध म्हणजे हेक्झाक्लोरोबेन्झीन, डी.डी.टी.च्याच जातकुळीतले. तीन-चार हजार माणसे आजारी पडली. पण सर्वांत मोठा आघात झाला तो त्या मातांच्या अंगावर पिणाऱ्या मुलांवर. त्यांच्या त्वचेवर गुलाबी चट्टे उठत; तिथल्या लोकांनी त्याला ‘पेंबे यारा’ म्हणजे गुलाबी फोड असे नाव दिले. हजाराहून अधिक तान्ही मुले दगावली असावीत असा अंदाज आहे. आपल्याकडेही पेरणीचे बी औषध लावून रंगीत केलेले असते. तो रंग शोभेसाठी नसतो. ते बी कोणी खाऊ नये म्हणून असतो.

पण तुर्कस्तानातल्या मातांच्या पोटात गेलेली मात्रा आणि रोजच्या दुधा-तुपातून येणारी मात्रा यांत फार अंतर आहे. या लहान मात्रेचे काय होते? अमेरिकेत मिशिगन सरोवरातले पी.सी.बी.युक्त मासे खाणाऱ्या स्त्रियांच्या मुलांवर जोसेफ व सँड्रा जेकबसन यांनी दीर्घकाळ लक्ष ठेवले. १९९६ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या २१२ मुलांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना गर्भात असताना अधिक पी.सी.बी. मिळाले होते ती मुले बुद्धिमापन चाचण्यांत मागे पडलेली दिसली. दुधातून तर कितीतरी जास्त पी.सी.बी. मुलांपर्यंत पोचले होते. पण दुधातून मिळालेल्या भागाशी मात्र या घटीचा संबंध आढळला नाही. म्हणजे नाजूक काळ जन्माआधीचा होता. आणि जन्मानंतर बाटली हाती घेऊन तो काळ परत आणता येत नाही.

मग बाटली?

वऱ्हाडातल्या बाळंतिणीने समजा अंगावरचे तोडले. त्याऐवजी ती काय देईल? म्हशीचे किंवा गाईचे दूध दिले तर ढेपेची वाट तिथे अधिकच जवळ. डब्यातली पावडर आणली तर तीही शेवटी जनावराच्याच दुधाची. १९९३ च्या ज्या अहवालाचा उल्लेख वर केला, त्यातच बाळांच्या दुधाच्या वीस प्रकारच्या डब्यांतून घेतलेले १८६ नमुने तपासले होते. शेकडा ७० नमुन्यांत डी.डी.टी. आणि ९४ नमुन्यांत बी.एच.सी. निघाले. ज्याच्या भीतीने पळायचे तेच पुढे उभे!

आणि पावडर कालवायची कशात? पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा तुम्हांला ठाऊक आहे. तिथल्या विहिरीचे पाणी इतके खारे की डाळ शिजत नाही; तान्ह्याच्या कोवळ्या मूत्रपिंडांना एवढ्या क्षारांचा भार कसा पेलावा? पावसाळ्यात गढूळ पाणी, न उकळलेली बाटली, तिच्यावर बसणाऱ्या माश्या. अशा बाटलीतून येणारे जुलाब सात-आठ वर्षे वाट पाहत नाहीत. दोन दिवसांत मुलाला नेतात. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला होता, त्या मृत्यूंत कुपोषणाबरोबर जुलाब आणि न्यूमोनिया यांचा मोठा हात होता. या दोन्ही रोगांपासून मुलाला वाचवणारी प्रतिद्रव्ये आईच्या दुधातून मिळतात, डब्यातून नाही. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने असा हिशेब मांडला की जगातल्या सर्व मुलांना पुरेसे अंगावरचे दूध मिळाले तर दरसाल सुमारे ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळतील. आपल्या देशात बाळांच्या कृत्रिम दुधाच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती यासाठीच.

तेव्हा तराजूच्या एका पारड्यात लहान, लांबचा, अजून वादाचा धोका. दुसऱ्यात मोठा, जवळचा, मोजलेला धोका. सुरुवातीचा प्रश्न आठवतो ना? उत्तर वहीत लिहून ठेवा आणि मगच पुढे वाचा.

दूध हे मोजमापही आहे

स्वीडनमध्ये मातांच्या दुधाचे नमुने १९६० च्या दशकाअखेरपासून जपून ठेवलेले आहेत. डी.डी.टी. व पी.सी.बी. यांवर तिथे निर्बंध आले आणि १९७२ ते १९९७ या पंचवीस वर्षांत दुधातले त्यांचे प्रमाण सतत उतरत गेले. पण त्याच बाटल्यांत शास्त्रज्ञांना एक नवे रसायन चढताना सापडले. दूरचित्रवाणी संचांचे खोके, गाद्या-कोचांचा फोम लवकर पेटू नये म्हणून त्यांत घालतात ते ब्रोमीनयुक्त द्रव्य. दर पाच वर्षांनी त्याचे प्रमाण दुपटीने वाढत होते. हे कळताच त्याच्या वापराला आळा बसला आणि दुधातले प्रमाण पुढे घसरू लागले. थर्मामीटर फोडून ताप उतरत नाही. स्वीडनने थर्मामीटर वाचला.

आता हीच पद्धत जगाने घेतली आहे. चिवट सेंद्रिय प्रदूषकांविषयीचा स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला, २००४ मध्ये अमलात आला; भारताने २००६ मध्ये त्याला मान्यता दिली. आरंभी त्यात बारा रसायने होती. करार पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी जी थोडी साधने निवडली त्यांत हवेबरोबर आईचे दूध आहे. आपल्याकडे शेतीतला डी.डी.टी.चा वापर १९८९ मध्ये थांबवण्यात आला, मात्र हिवतापासाठी तो पुढेही चालू राहिला. बी.एच.सी.वर १९९७ मध्ये बंदी आली. एन्डोसल्फान सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०११ मध्ये थांबले.

यांच्या जागी आलेली बरीच औषधे काही दिवसांत वा आठवड्यांत विघटित होतात, चरबीत वर्षानुवर्षे साठत नाहीत. तान्ह्याच्या दृष्टीने हा फायदाच. पण यांतली काही फवारणाऱ्यावर तिथल्या तिथे उलटतात. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर मेले आणि शेकडो इस्पितळात पडले. जुने विष मुलापर्यंत हळू पोचत होते, हे बापाला वावरातच गाठते. औषध बदलले म्हणून हिशेब मिटला असे समजू नये. आणि घरातल्या घरात एवढे तर आजच करता येते: रिकामा झालेला औषधाचा डबा धुऊन पाण्याला वा तेलाला वापरायचा नाही, फवारणीचे कपडे बाळंतिणीच्या किंवा मुलांच्या कपड्यांत भिजवायचे नाहीत, औषध लावलेले उरलेले बी जनावराला घालायचे नाही.

शेवटी एक उदाहरण सोडवायला देतो. समजा, १९८९ साली अकोला जिल्ह्यातल्या एका स्त्रीच्या चरबीत डी.डी.ई.चे प्रमाण ८ दशलक्षांश होते, आणि त्यानंतर तिच्या अन्नातून नवे काहीच आले नाही. शरीरातून ते अर्धे व्हायला ८ वर्षे लागतात असे धरा. १९९७ मध्ये किती उरेल? २०१३ मध्ये किती? एक दशलक्षांशाच्याही खाली ते कोणत्या सालानंतर जाईल? मग आजीला आणि आईला त्यांची जन्मसाले विचारा, ती या आलेखावर मांडा, आणि स्वतःचे सालही मांडा. दुसरे उदाहरण थोडे कठीण आहे: हीच स्त्री १९९० मध्ये बाळंत झाली आणि तिने मुलीला दीड वर्ष अंगावर पाजले असेल, तर तिचा आलेख वरच्या आलेखापेक्षा कुठे वेगळा वळेल, आणि मुलीचा आलेख कुठून सुरू होईल?